ऑफिसचा ईमेल आणि फाइल्स दुसऱ्या कंपनीकडे हलवायच्या, तर नेमकं काय काय हलवावं लागतं?

पुण्याकडून साताऱ्याला जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागतं. इथल्या औद्योगिक वसाहतीतला एखादा पंधरा-वीस माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. परचेस ऑर्डर ईमेलवर येते, इनव्हॉइस ईमेलवर जातं, हजेरी आणि स्टॉक शेअर केलेल्या शीटवर असतो. हे सगळं गुगल वर्कस्पेसवर चालतं, किंवा मायक्रोसॉफ्ट 365 वर. मग एक दिवस मालक म्हणतो, माणशी दर महिन्याला एवढे पैसे कशाला, झोहो स्वस्त पडतंय, तिकडे जाऊ.

हा निर्णय पाच मिनिटांत होतो. निस्तरायला मात्र काही आठवडे लागतात.

बदलायची वेळ का येते?

बहुतेक वेळा पैशांमुळे. गुगलने डिसेंबर 2012 पर्यंत छोट्या संस्थांना ही सेवा फुकट दिली होती. 2022 मध्ये त्या जुन्या फुकट खात्यांवरच्या व्यवसायांना पैसे भरा, असं सांगण्यात आलं. शाळा-कॉलेजांना मिळणारी अमर्याद साठवणही बंद झाली आणि संपूर्ण संस्थेला मिळून 100 टीबीची मर्यादा आली.

पण पैशांपेक्षा मोठं कारण जुलै 2025 मध्ये दिसलं. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेल कंपनी. गुजरातमध्ये वाडीनारला तिची रिफायनरी आणि देशभर साडेसहा हजारांहून जास्त पेट्रोल पंप. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा 49.13 टक्के हिस्सा असल्यामुळे युरोपियन युनियनने 18 जुलैला तिच्यावर निर्बंध घातले. 22 जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. ईमेल बंद. लायसन्सचे पैसे भरलेले असूनही स्वतःचाच डेटा मिळत नाही, असं म्हणत नायराने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. मधल्या काळात कंपनीने ईमेलसाठी रेडिफचा आधार घेतला. 30 जुलैपर्यंत सेवा सुरू झाली आणि याचिका मागे घेतली गेली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचेही आठ दिवस गेले.

केंद्र सरकारनेही हाच रस्ता धरलाय, पण सावकाश. सरकारी ईमेलचं सात वर्षांचं कंत्राट 2023 मध्ये झोहोला मिळालं आणि सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल तिकडे गेले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पत्ते बदलले नाहीत. शेवटी तेच ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’.

पत्ता तोच ठेवून ईमेल हलतो कसा?

यासाठी स्वतःचं डोमेन लागतं. डोमेन म्हणजे ईमेल पत्त्यातला ‘ॲट’ नंतरचा भाग. त्याच्या सेटिंगमध्ये एमएक्स रेकॉर्ड नावाची एक नोंद असते. या पत्त्यावर आलेली पत्रं कोणत्या सर्व्हरवर टाकायची, एवढंच ती सांगते. ती बदलली की नवे मेल नव्या कंपनीकडे यायला लागतात. बदल जगभर पोचायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. म्हणून टीटीएल नावाची वेळमर्यादा आदल्या दिवशीच कमी करून ठेवतात.

सोबत एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदीही बदलाव्या लागतात. मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय, हे त्यांच्यावरून ओळखलं जातं. त्या राहिल्या तर तुमचं इनव्हॉइस गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतं आणि पेमेंट का अडलंय ते महिनाभर कळत नाही.

आता खरी मेख. अनेक छोट्या संस्थांचं डोमेन त्यांच्या नावावर नसतंच. वेबसाइट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. तो फोन उचलेनासा झाला की सगळं ठप्प. आणि पत्ता साधा ‘जीमेल डॉट कॉम’चा असेल, तर तो हलवताच येत नाही, फक्त फॉरवर्ड करता येतो.

फाइल्सचं काय होतं?

जुने मेल आयमॅप नावाच्या पद्धतीने तुलनेने सहज जातात. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर त्यात येत नाहीत, ते वेगळे न्यावे लागतात. जीमेलमध्ये एकाच मेलला दोन लेबलं असतील तर दुसरीकडे त्याच्या दोन प्रती होऊ शकतात. हे त्रास किरकोळ.

फाइल्समध्ये मात्र लोक हमखास फसतात. कॉम्प्युटरवरच्या गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून डॉक्स आणि शीट्स पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या की काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्या छोट्या फाइलमध्ये मजकूर नसतोच, नुसती लिंक असते. खातं बंद झालं की हातात काही उरत नाही. त्या वर्ड-एक्सेलच्या स्वरूपात डाउनलोड कराव्या लागतात. गुगलचं टेकआउट हे काम करतं. तरीही इम्पोर्टरेंजसारखी सूत्रं एक्सेलमध्ये चालत नाहीत, आणि एक्सेलचे मॅक्रो गुगलमध्ये. कोणत्या फाइलचा ॲक्सेस कोणाला होता, ती यादीही बऱ्याचदा नव्याने लावावी लागते.

मराठी कार्यालयांची एक खास अडचण आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली पत्रं आणि ठराव ऑनलाइन उघडले की तिथे तो फॉण्ट नसतो आणि अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागतं. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून महत्त्वाचे कागद माणसाने वाचून तपासलेले बरे.

आणि गुगल फॉर्म! नोटीस बोर्डावर, माहितीपत्रकावर छापलेला क्यूआर कोड जुन्या फॉर्मकडेच नेतो. खातं गेलं की तो कोड मेला.

कधी बदलायचं?

मासिक रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारखेला, 3बी ची 20 तारखेला. पगार 7 च्या आसपास. हे दिवस टाळून, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एमएक्स बदलणं सोयीचं. त्याआधी दोन-तीन जणांची खाती हलवून पाहतात. बँक, जीएसटी पोर्टल आणि डोमेनचं लॉगिन कोणाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर आहे, हेही आधी बघून घ्यावं लागतं. ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर जाणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

जुनी खाती लगेच बंद करू नयेत, दोन्हीकडचे पैसे महिना-दोन महिने भरावे लागले तरी. ॲडमिनने काढून टाकलेलं खातं गुगल वर्कस्पेसमध्ये 20 दिवसांच्या आत परत मिळवता येतं, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 30 दिवसांच्या आत.