शीव ते पनवेल : सरकत गेलेली सीमा

शीव-पनवेल महामार्गाच्या नावातच त्याच्या इतिहासाचे सूत्र दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. 'शीव' म्हणजे सीमा, वेस. मुंबईचे बेट येथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. १८०५ मध्ये, गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, शीवचा बांध पुरा होऊन बेट कुर्ल्याशी जोडले गेले. सीमा ओलांडली गेली. नाव तेवढे उरले.

त्या काळी पनवेल हे उपनगर नव्हते, बंदर होते. मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी जलमार्गाने पनवेलला उतरे आणि पुढे घाटाची वाट धरी. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी या बंदरात येऊ लागला. १८५२ मध्येच येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरून गावाचे महत्त्व ध्यानी यावे. परंतु १८६३ मध्ये रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे बोरघाट चढली. पनवेल त्या वाटेवर नव्हते; बंदराचे वैभव ओसरू लागले.

पुढे मुंबईहून मोटारीने पनवेल गाठायचे तर ठाण्यावरून वळसा घ्यावा लागे. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि हा वळसा टळला. जी खाडी पनवेलची वाट होती, ती आता पुलाखालचे पाणी झाली. पनवेलचे तोंड बंदराकडून रस्त्याकडे वळले.

हा केवळ दळणवळणाचा इतिहास नव्हे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरे, मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या दारात शहर येऊन ठाकले. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. ग्रामीण साहित्य आणि महानगरी साहित्य अशी विभागणी आम्ही वर्गात शिकवतो. गावातला माणूस शहरात जातो, हे तिचे गृहीतक. येथे माणूस जागचा हलला नाही. शहरच त्याच्याकडे चालत आले. त्याने गाव सोडले नाही, तरी गाव त्याच्यापासून सुटले. त्याच्या अनुभवाला आमच्या दोन्ही कप्प्यांत नीटशी जागा नाही.

२०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. ज्याला उपनगर म्हणत आलो, ते स्वतःच शहर झाले. २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूने खाडी आणखी एका ठिकाणी ओलांडली. मुंबईची शीव अशी दोनशे वर्षे पूर्वेकडे सरकतच आहे. तिच्या वाटेत आलेल्या गावांची आगरी बोली, त्यांची धवलगीते, शेतांची नि बांधांची नावे नोंदवून ठेवणे हे काम आता पनवेल-उरणच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनीच अंगावर घ्यायला हवे.