गोठ्यातील अदृश्य खर्च

कुर्डुवाडीचे नाव घेताच रेल्वेचे जंक्शन डोळ्यांपुढे उभे राहते. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गावरील गाडी येथूनच बार्शीकडे निघाली. माल किती आला, किती गेला, ह्याचा ताळा जमविणे हा जंक्शनचा नित्यधर्म होय. परंतु त्याच परिसरातील गोठ्यात तसा ताळा सहजासहजी जमत नाही. गाईपुढे टाकलेल्या कडब्याचे दूध होते, शेण होते, तिच्या देहाचे पोषण होते. तरीही काही भाग हिशेबातून निसटतोच. तो कोठे जातो, ह्या शोधाची कथा आज सांगावयाची आहे.

बुसिंगो नामक फ्रेंच रसायनज्ञाने १८३९ मध्ये एका दुभत्या गाईचा जमाखर्च प्रसिद्ध केला. वैरण व पाणी जमेस, दूध, शेण व मूत्र खर्चास! दोन्ही बाजूंत कर्बाची मोठी तूट आढळली. ती श्वासावाटे बाहेर गेली असली पाहिजे, हे उघड होते. पण हवा तोलावी कशी? १८६०च्या सुमारास म्युनिक येथे पेटेनकोफर ह्यांनी एक बंदिस्त कोठडी उभारली. तीतून मोजून हवा खेळवावयाची आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे पृथक्करण करावयाचे, अशी ही युक्ती होती. पुढे अशाच कोठड्या गुरांसाठी झाल्या. लाइपझिगजवळील मोकर्न येथे केलनर ह्यांनी बैलांना ठराविक वैरण देऊन, मग तीत निरनिराळे पदार्थ मिसळून, निघणारे वायू मोजले. चाऱ्यात शक्ती किती आहे ह्यापेक्षा ती जनावराच्या पदरात किती पडते, हे महत्त्वाचे, असा सिद्धांत त्यांनी १९०५ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

निसटणाऱ्या वायूंपैकी एक म्हणजे मिथेन. व्होल्टाने १७७६ मध्ये दलदलीच्या चिखलातून गोळा केलेला ज्वालाग्राही वायू तो हाच. गाईच्या कोटीपोटात सूक्ष्म जीव चारा आंबवितात. त्यात निर्माण होणाऱ्या हायड्रोजनाचा मिथेन बनतो आणि तो बहुतांशी ढेकरांवाटे बाहेर पडतो. काड्यांसारखा चिवट चारा आंबताना हायड्रोजन अधिक सुटतो. धान्याचा भरडा आंबताना कमी. चाऱ्यातील एकूण शक्तीपैकी शेकडा २ ते १२ भाग अशा रीतीने वाया जातो.

केलनरच्या काळी हा केवळ शक्तीचा अपव्यय होता. आज त्यास दुसरी बाजू आली आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा तितक्याच वजनाच्या कर्बवायूपेक्षा सुमारे २७ पट उष्णता कोंडतो. म्हणून गोठ्यातच मोजमाप करण्याची निकड भासली. १९९४ मध्ये अमेरिकेत एक सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध झाली. सल्फर हेक्साफ्लोराइड वायू ठराविक वेगाने सोडणारी नळी कोटीपोटात ठेवावयाची आणि गळ्यातील निर्वात डब्यात श्वासाची हवा हळूहळू भरू द्यावयाची. डब्यातील दोन्ही वायूंच्या प्रमाणावरून मिथेन किती, ते कळते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हीच पद्धत शेतकऱ्यांच्या जनावरांवर वापरली, तेव्हा समतोल आहाराने दर लिटर दुधामागील मिथेन घटल्याचे दिसून आले.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. हिशेबापुरते समजा, कडब्यावरील एक गाय दिवसास १५० ग्रॅम मिथेन सोडते व ३ लिटर दूध देते. मूरघास, लसूणघास व पेंड खाणारी दुसरी ३०० ग्रॅम सोडते व १५ लिटर देते. जनावरामागे पाहिले तर पहिली निर्दोष. लिटरमागे पाहिले तर तिचे ५० ग्रॅम, दुसरीचे २०! मग दोषी कोण? पहिली गाय माणसास निरुपयोगी असलेली ज्वारीची ताटे खाते, शेणखत देते, हे कोणत्या रकान्यात मांडावयाचे? उलट, दूध वाढूनही गुरांची संख्या तितकीच राहिली, तर आकाशास दिलासा कोणता?

म्हणून एका आकड्यावर निवाडा होऊ नये. सोलापूर जिल्ह्यास दुष्काळ नवा नाही. कडबा महागला की उसाच्या वाढ्यांवर आणि चारा छावण्यांवर गुरे जगविण्याची पाळी येते. अशा वेळी ढेकरातून गेलेला अंश हा पेंढीतूनच गेलेला असतो. कडब्याची कुट्टी करून, त्यास थोडी पेंड व हिरव्या वैरणीची जोड देऊन तो वाचविणे, ह्यात शेतकऱ्याचे हित आधी आणि जगाचे मागाहून आहे. ज्या उपायाने गोठ्याचा ताळा जमतो, तोच उपाय गरीब शेतकऱ्यास पटेल.