‘धसका’ आणि ‘आघात’ : पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात आघातोपचाराची पूर्वपीठिका

१

पिंपरी, चिंचवड आणि चाकण ह्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सामान्यतः कारखान्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता कारखाना केव्हा उभा राहिला, किती जमीन संपादित झाली, नगरपालिकेची महानगरपालिका केव्हा झाली, ह्या गोष्टींची नोंद आढळते. परंतु विस्थापन, अपघात आणि आकस्मिक मृत्यू ह्यांनी येथील माणसांच्या मनावर जे घाव घातले, त्यांची नोंद क्वचितच झाली आहे. अशा घावांवरील उपचारांना आज ‘आघातकेंद्रित उपचार’ म्हणतात. आणि शरीर, मन, कुटुंब व उपजीविका ह्या सर्वांचा एकत्र विचार करून ते केले म्हणजे त्यांना ‘समग्र’ असे विशेषण लावतात.

ह्या उपचारांस प्रथमच सामोरा जाणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक अपेक्षा मनात धरून येतो. एक, औषध दिले जाईल व झाले गेले ते विसरता येईल. दुसरी, पहिल्याच बैठकीत सारे काही तपशीलवार सांगावे लागेल; आणि ह्या भीतीने कित्येकजण दारापर्यंत येऊन परत फिरतात. दोन्ही अपेक्षा चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत हे ह्या उपचारांच्या इतिहासावरून आणि आपल्या भाषेवरून स्पष्ट होते, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम भाषेचा विचार करू. भीती व दुःख ह्यांविषयीचे मराठी वाक्प्रचार पाहिले असता त्यांतील बहुसंख्य देहावर बेतलेले आहेत असे दिसते. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, काळीज चरकते, तोंडचे पाणी पळते, अंगावर काटा उभा राहतो. आघात शरीरातही साठून राहतो, हा विचार अलीकडच्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणला. मराठी बोलणाऱ्यांना तो परका वाटू नये.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे व ती अधिक महत्त्वाची आहे. ‘त्याने धसका घेतला’, ‘तिने हाय खाल्ली’, ‘त्याने धास्ती घेतली’ ह्या वाक्यांत कर्ता कोण? ज्याच्यावर प्रसंग ओढवला तोच. घेणे आणि खाणे ही दोन्ही क्रियापदे कर्त्याच्या इच्छेची सूचना देतात. प्रसंग वाक्यातून नाहीसा होतो आणि उरतो तो धसका घेणारा मनुष्य. मग ‘तू एवढे मनाला का लावून घेतलेस?’ हा प्रश्न ओघानेच येतो. ‘त्याच्या मनावर आघात झाला’ ह्या वाक्याची रचना निराळी आहे. येथे कर्ता आघात आहे. मनुष्य ते सोसणारा आहे. ‘आघात’ हा शब्द संस्कृत ‘हन्’ ह्या धातूपासून आला आहे आणि मराठीतील ‘घाव’ हा शब्दही ‘घात’ ह्याच शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. ज्याने लोखंड वाकते आणि ज्याने मन मोडते, त्या दोहोंना भाषेने एकाच मुळाचे शब्द दिले आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे निज, आगंतु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. बाहेरून आलेल्या कारणाने, प्रहारानेही, जो होतो तो आगंतु. त्याच अध्यायात अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणाऱ्या चिकित्सेस ‘सत्त्वावजय’ असे नाव दिलेले आहे. प्राचीनांना आजचे सर्व काही ठाऊक होते असा दावा येथे करावयाचा नाही. रोगाचे कारण रोग्याच्या बाहेर असू शकते, हा विचार आपल्या परंपरेत होता, इतकेच म्हणावयाचे आहे.

३

युरोपात हाच प्रश्न आगगाडीने उभा केला. रेल्वेच्या अपघातांतून बाहेर पडलेल्या, अंगावर मोठी जखम नसलेल्या, परंतु झोप, स्मृती व धीर गमावलेल्या प्रवाशांविषयी जॉन एरिकसन ह्या इंग्लिश शल्यविशारदाने १८६६ साली ग्रंथ लिहिला. त्याच्या मते दोष पाठीच्या कण्यात होता. पुढे हर्बर्ट पेज ह्याने भीती हेच बऱ्याच लक्षणांचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. वाद केवळ वैद्यकीय नव्हता. भरपाईचे दावे त्यावर अवलंबून होते. जर्मनीत १८८४ साली कामगारांचा अपघातविमा सुरू झाला. १८८९ साली हेर्मान ओपेनहाइम ह्याने आघातजन्य मज्जाविकारावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी हा विकार भरपाईस पात्र ठरला. १९२६ साली ती मान्यता काढून घेण्यात आली. अशा रुग्णाला बरे व्हावयाचेच नसते, त्याला पेन्शन हवी असते, हा त्यामागील युक्तिवाद होता. ‘धसका घेतला’ ह्या वाक्याचेच ते जर्मन रूप होय.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स ह्याने सैनिकांतील तोफगोळ्याच्या धक्क्याचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकाराला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले ते १९८० साली. ह्या वर्गीकरणात विकाराच्या व्याख्येतच बाह्य घटनेचा अंतर्भाव झाला. एका वाक्यातील कर्ता बदलण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

४

आता आपल्या परिसराकडे वळू. पुण्याहून खंडाळ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५८ साली चिंचवडवरून सुरू झाला. परंतु ह्या भागाला आजचे रूप आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली. घर, गाव आणि भाषेचा परिसर एकाच वेळी गमावलेली ही माणसे होती. शासनाने निवारा व शिधा ह्यांचा विचार केला. मनाचा विचार करण्याची त्या काळी रीतच नव्हती. फाळणीच्या मानसिक परिणामांविषयी भारतीय मानसोपचारशास्त्र दीर्घकाळ मौन राहिले, ही गोष्ट संजीव जैन व आलोक सरीन ह्यांनी संपादित केलेल्या २०१८ च्या ग्रंथात पुढे मांडली गेली.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि कारखान्यांची रांग भोसरी, आकुर्डी व पुढे चाकणपर्यंत गेली. यंत्रांबरोबर अपघात आले. प्रेसमध्ये हात सापडून बोटे जाणे ही ह्या पट्ट्यातील परिचित दुखापत होय. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अशा हानीचे कोष्टक होते : अंगठा गेल्यास अर्जनक्षमतेत शेकडा ३० घट, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. पेऱ्यापेऱ्याचा हिशेब होता. मात्र त्यानंतर यंत्राच्या आवाजाने दचकणाऱ्या, रात्रपाळीला जाण्यास धजत नसलेल्या मनासाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता.

निसर्गानेही आघात केले. ३० जुलै २०१४ रोजी खेडला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे मृत्यू पावली. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने, आपत्तीनंतर अन्नवस्त्राइतकीच मनाचीही विचारपूस आवश्यक असते, ह्या जाणिवेकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते.

५

ह्या पार्श्वभूमीवर उपचाराच्या प्रारंभी काय अपेक्षावे? पिअर जाने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उपचाराचे टप्पे पाडले होते. ज्यूडिथ हर्मन ह्यांनी १९९२ साली त्यांची फेरमांडणी केली : प्रथम सुरक्षितता, नंतर स्मरण व शोक, त्यानंतर लोकांशी पुन्हा नाते. म्हणून पहिल्या भेटींत बहुधा घटनेचा तपशील विचारला जात नाही. झोप, भूक, मद्यपान, घरची परिस्थिती, नोकरीची शाश्वती, जीव नकोसा होतो काय, ह्यांची चौकशी होते. सांगितलेले गुप्त राहील, तसेच कोणत्या प्रसंगी ते राहू शकणार नाही, हे स्पष्ट केले जाते. श्वास संथ करणे, पाय जमिनीवर टेकून भोवतालच्या वस्तू न्याहाळणे, असे साधे उपाय शिकविले जातात. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. आज अनेक ठिकाणी योगाची जोड आघातोपचाराला दिली जाते, परंतु ती जोड आहे, पर्याय नव्हे.

आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकदाच बसवून बोलते करण्याची पद्धत १९८० नंतर बरीच रूढ झाली होती. पुढील परीक्षणांत तिचा लाभ सिद्ध झाला नाही. २००२ च्या कॉक्रेन समीक्षेने तिची सक्ती थांबवावी असे सुचविले. सांगणे हे आपोआप औषध ठरत नाही. केव्हा, कोणाजवळ आणि किती सांगावयाचे हे सांगणाऱ्याच्या हाती असावे लागते. स्मृतीला हात घालण्याचा टप्पा आला की काही दिवस स्वप्ने व बेचैनी वाढू शकतात. ती उपचार फसल्याची खूण मानू नये. उपचारकास मात्र अवश्य सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ज्यांची शिफारस केली, त्या आघातकेंद्रित विचार-वर्तन उपचारांत व नेत्रचालनावर आधारलेल्या उपचारांत स्मृती पुसली जात नाही. ती आत्ता घडत असल्यासारखी येते, ती पूर्वी घडून गेलेली म्हणून येऊ लागते. व्याकरणाच्या भाषेत, वर्तमानकाळाचा भूतकाळ होतो.

प्रत्येक रुग्णाला स्थैर्याचा वेगळा टप्पा लागतोच काय, ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत व ते नोंदविले पाहिजेत. परंतु उपचाराची गती रुग्णाच्या संमतीने ठरावी, ह्याविषयी दुमत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा हक्क मानला आणि मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद असावी असे ठरविले. तथापि पाळीवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून दहा-बारा बैठकांना येणे कितपत परवडेल, ह्याचे उत्तर कायद्यात नाही. समग्र हे विशेषण खरे ठरावयाचे असेल, तर त्यात ह्या अर्ध्या दिवसाचाही हिशेब धरावा लागेल.

सारांश, पहिल्या भेटीचा विषय ‘तू धसका का घेतलास’ हा नसतो. ‘तुझ्यावर काय ओढवले आणि आज तू कसा आहेस’ हा असतो, आणि त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नापासूनच आरंभ होतो. ह्या परिसरातील निर्वासित, कामगार व आपद्ग्रस्त ह्यांच्या तोंडचे शब्द अद्याप कोणी पद्धतशीरपणे गोळा केलेले नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास भाषाशास्त्राबरोबरच उपचारकांचीही सोय होईल. कारण रुग्ण दवाखान्यात येतो तो आपल्या बोलीतील शब्द घेऊनच येतो.