घरगुती बिअरमधील साका

घरी केलेल्या, न गाळलेल्या बिअरच्या तळाशी बसणारा थर. बाटलीतच वायू धरणाऱ्या बिअरमध्ये तो असायचाच. बाटली बंद करताना लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते आणि मग खाली बसते. असा साका पातळ, दुधी ते फिकट तपकिरी असतो. जर्मन हेफेवाइझेन ओतताना तर तो मुद्दाम ढवळून ग्लासात घेतात.

नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की पुष्कळजण रंगावरून निदान करू पाहतात. रंगाने फारसे कळत नाही. साका कुठे आहे, थंड-गरम केल्यावर काय होते आणि बिअर ओतताना कशी वागते, हे पाहावे.

फ्रीजमध्ये गढूळ झालेली बिअर खोलीच्या तापमानाला निवळली, तर तो गढूळपणा म्हणजे प्रथिने आणि पॉलिफेनॉल यांचा निरुपद्रवी संयोग होय. न निवळल्यास थोडी बिअर वेगळी काढून तिच्यात आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला, तर माल्टमधला स्टार्च पुरता साखरेत उतरलेला नाही. हा नमुना फेकून द्यावा. मोठे, हलके तुकडे बहुधा उकळताना साकळलेल्या प्रथिनांचे असतात, हिरवट कण हॉप्सचे. पुढच्या खेपेस उकळी संपण्याच्या सुमारे १५ मिनिटे आधी आयरिश मॉस हे समुद्रशैवाल घालावे आणि माल्टचा उकळलेला रस झपाट्याने थंड करावा.

बारीक, चमकदार खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असू शकतात. ऑक्झलेट बार्लीतून येते. माल्ट भिजवण्याच्या पाण्यात कॅल्शियम कमी पडले, तर ते आधीच बाहेर न पडता पुढे बाटलीत स्फटिकरूप घेते. या स्फटिकांवर वायूचे बुडबुडे धरतात आणि झाकण उघडताच बिअर उसळून वाहते. भिजवण्याच्या पाण्यात जिप्सम घालणे हा त्यावरचा साधा उपाय.

पृष्ठभागावर साय किंवा बाटलीच्या मानेशी कडे दिसले, तर रानटी यीस्ट अथवा जिवाणूंचा शिरकाव झाला असे धरावे. पेडियोकॉकस जिवाणूमुळे बिअर तेलासारखी तार धरते. ब्रुसेल्स परिसरातील लाम्बिक बिअरमध्ये मात्र ही अवस्था आली तरी घाबरत नाहीत. पुढे ब्रेटानोमायसिस यीस्ट ती तार मोडते. खात्रीचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. लुई पाश्चर यांनी १८७६च्या ग्रंथात बिघडलेल्या बिअरमधील जीव याच मार्गाने दाखवले, आणि १८८३मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले.

खरा धोका दाबाचा आहे. काही रानटी यीस्ट सामान्य यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही खातात. वायू वाढत जाऊन बाटली फुटते. एकाच घाण्यातील बाटल्या उघडताना दर आठवड्याला अधिक उसळू लागल्या, तर उरलेल्या थंड कराव्यात आणि हातमोजे, चष्मा घालून, जाड टॉवेलात गुंडाळून उघडाव्यात. तळाशी काचेची कपची दिसल्यास ती बिअर गाळूनही पिऊ नये.