कुडीतला आल्तार

रत्नागिरीच्या माणसाला आगबोटीचे कौतुक सांगावयास नको. विलायती कंपन्यांच्या बोटी मुंबईहून निघत तेव्हा डेकवर राबणारे खलाशी बहुधा आपल्या किनाऱ्यावरचे असत. त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. त्याच बोटीच्या सलूनमध्ये, म्हणजे उतारूंच्या जेवणखाणाच्या खात्यात, भटारी, बटलर आणि वाढपी असत ते गोव्याचे ख्रिस्ती. दोघेही कोकणी, दोघेही दर्यावर पोट भरणारे. पहिल्याची हकीकत आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आज आम्ही दुसऱ्याविषयी बोलणार आहो, आणि तेही त्याच्या नोकरीविषयी थोडे व त्याच्या चर्चविषयी अधिक.

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाद्री उभा राहतो, त्याच्या मागे बिशप आणि त्याच्याही मागे रोम. परंतु पाद्री बदलून जातात. छपराची कौले, घंटा, मेणबत्त्या, फेस्ताचा बँड यांचे पैसे कोणी तरी द्यावेच लागतात, आणि ते देत आला तो दीक्षा न घेतलेला, प्रपंचातला साधा कॅथलिक. आमची हयात कामगारांच्या वर्गणीच्या पावत्या फाडण्यात गेली. त्यामुळे कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचू लागलो की आमची नजर प्रथम वर्गणीच्या वहीकडे जाते. पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाचा, इतिहासही आम्ही तसाच वाचला.

त्याची सुरुवात गावकरीपासून करावी लागते. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गोव्याच्या गावांतली जमीन गावकऱ्यांच्या सामाईक ताब्यात असे. तिच्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती होई, देवळाचा खर्च निघे, आणि उरलेल्यातून गावकऱ्यांच्या घराण्यांतील पुरुषांना वाटा मिळे. 1526 साली पोर्तुगीजांनी या चालीरीती लेखी नमूद करून घेतल्या. पुढे तिसवाडीतली देवळे पाडण्यात आली आणि 1541 साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. हा जुलूम होता. त्याबाबत आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतरही खर्च उचलणारी संस्था तीच राहिली. जी गावकरी देवळाची व्यवस्था पाहत होती तीच चर्चची पाहू लागली.

गावकरीच्या जोडीला कॉन्फ्रारिया आली. कॉन्फ्रारिया म्हणजे गृहस्थांचे बंधुमंडळ. संताचे फेस्त साजरे करावे, आल्तार सांभाळावा, बंधू वारला तर त्याच्या मयताला हजर राहावे, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवाव्या, ही त्याची कामे. मिरवणुकीत हे बंधू अंगावर झगा आणि खांद्यावर मुर्सा नावाची आखूड रंगीत झूल घालून चालत. 1835 साली गोव्यातले मठ सरकारने बंद केले व मठवासी निघून गेले. तरी गावोगावची फेस्ते थांबली नाहीत, याचे कारण ही मंडळे.

पण मुर्सा कोणाच्या खांद्यावर? अनेक गावांत मुख्य कॉन्फ्रारिया गावकऱ्यांच्या घराण्यांची, म्हणजे बामण किंवा चारडो यांची. सुदीर म्हटल्या जाणाऱ्या कष्टकऱ्यांना तीत जागा नसे. फार तर त्यांचे मंडळ निराळे आणि मुर्साचा रंगही निराळा. धर्म बदलला, पंगत बदलली नाही. आपण हसण्याचे कारण नाही. शिमग्याला पालखी प्रथम कोणाच्या दारी जाते आणि मान कोणाचा, यावरून आपल्या गावांत काय काय झाले आहे ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक.

एकोणिसाव्या शतकात हाच कष्टकरी पोटासाठी मुंबईस निघाला. डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि मनात गावचा संत. तेथे त्याने उभी केली ती कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ही जागा धोबीतलावला असे, माझगावला असे. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडींची दाटीच झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत काही शे कुडी होत्या. भिंतीला लागून ट्रंका, रात्री जमिनीवर अंथरुणे, आणि समोरच्या भिंतीशी गावच्या संताचा आल्तार. भाडे नाममात्र. नियम मात्र कडक: रात्री ठराविक वेळेला दार बंद, बायकांना राहण्यास मनाई, आणि संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर असलेच पाहिजे, चुकवले तर दंड. पाद्री तेथे राहत नव्हता. प्रार्थना सांगणारा बोटीवरचा कोणी स्वयंपाकीच असे.

आमच्या गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवल्यावाचून राहत नाहीत. एका गाळ्यात पंचवीस माणसे, पाळ्यापाळ्यांनी झोपायचे, आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी पगाराच्या दिवशीच कापायची. कुडीतही तेच. बोटीवरून उतरलेला माणूस आधी हिशेब चुकता करी. मग कधी चर्चच्या दुरुस्तीसाठी, कधी फेस्तासाठी, कधी वाड्यावरच्या खुरसापुढील लदिनीसाठी पैसे गावी जात. लदिन म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थना. ती आटोपली की उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे आणि फेणी. ती बहुधा गावातलेच लोक म्हणत. गावी राहिलेल्या बायकांनी ही सारी व्यवस्था सांभाळली. वह्यांत त्यांची नावे सापडत नाहीत, कारण वह्या पुरुषांनी लिहिल्या.

कुडीचा दुसरा उपयोग आम्हाला अधिक जवळचा. बोट सुटली की नोकरी संपे, आणि पुढची बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने जात. भरती करणारे सारंग आणि दलाल चिरीमिरीवाचून नाव पुढे सरकवीत नसत. अशा दिवसांत कूड ही अंथरुणाची, उधारीची आणि बातमीची जागा होती. 1896 साली गोव्याच्या दर्यावर्द्यांनी मुंबईत आपला क्लब स्थापला. भारतीय खलाशांच्या संघटनेच्या इतिहासात आरंभी त्याचेच नाव घेतात. खलाशांना काम लावून देण्याबद्दल पैसे घेऊ नयेत, असा आंतरराष्ट्रीय करार जिनोआ येथे व्हावयास 1920 साल उजाडले. ज्यांना रोज संध्याकाळी एकत्र बसण्याची आणि एका वहीत पैसे जमा करण्याची सवय होती, त्यांना संघटना म्हणजे काय हे कोणी नव्याने शिकवावे लागले नाही. आमच्या चळवळीतले काही मित्र धर्माला अफू म्हणून मोकळे होतात. त्यांनी एकदा कुडीची नियमावली वाचावी.

1955 साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. जाणे-येणे अवघड झाले, पैसे पाठवणे अवघड झाले, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत कित्येकांना गावचे फेस्त मुंबईच्या कुडीतच करावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बोटीवरच्या पगारातून चर्चची घंटा आली, पण पैसे देणारा गावी परतला की मिरवणुकीत मागेच. तो भाटकाराच्या जमिनीत राहणारा मुंडकार. उद्या घरातून काढले तर जाणार कोठे? ज्याच्या घराचीच शाश्वती नाही, तो चर्चच्या दारात हक्क कसा मागणार? तरी पैसा बोलू लागला. गावोगावी तंटे झाले, फेस्ताचा मान मागितला गेला, कोठे मिळाला, कोठे प्रकरण वरिष्ठांपर्यंत गेले. मुक्तीनंतर 1964 चा कूळकायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आला, आणि पाठीचा कणा ताठ झाला. आमच्या मते मुर्साच्या भांडणात या दोन कायद्यांनी केले ते शंभर प्रवचनांनी झाले नसते.

रोमनेही दखल घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली गृहस्थांच्या कार्यावर स्वतंत्र आदेश काढला. 1983 च्या धर्मसंहितेने प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती सक्तीची केली. धर्मकार्याच्या समितीला मात्र सल्ल्यापुरताच अधिकार ठेवला. युनियनच्या भाषेत सांगायचे तर हिशेब तपासा, ठरावाला मत नाही. आम्हाला हे अपुरे वाटते, आणि तसे म्हणणारे कॅथलिक मित्रही आम्हाला भेटले आहेत.

हा विषय पलीकडचा म्हणून कोणी दूर ठेवू नये. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, आणि तेथल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. 2005 साली सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. रत्नागिरी जिल्हा त्यातच मोडतो.

कुडी आता थोड्या उरल्या. मुलगा विमानाने जातो आणि परदेशातल्या बंदरात बोटीवर चढतो. त्याला ट्रंक ठेवण्यास जागा नको असते. धोबीतलावच्या एका कुडीत आम्ही गेलो होतो. वह्या पाहायला मागितल्या, चहा आला, बोलणे रंगले. इतक्यात तेर्साची वेळ झाली, आणि तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी चष्मा पुसत आम्हाला सांगितले की येथे नियम सर्वांना सारखा, उठा. आम्ही उठून उभे राहिलो.