दोन ओसाड राजधान्या आणि मधले तळे



नहेम्या यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने पहिले काम कोणते केले, हे आपण वाचतो, पण त्यावर फारसे थांबत नाही. त्याने सभा बोलावली नाही, वर्गणी काढली नाही. तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसे बरोबर घेतली आणि जनावरावर बसून पडक्या तटाभोवती फिरून आला. राजाच्या तळ्यापाशी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच मिळेना. पडझड आधी डोळ्यांनी पाहायची आणि बोलायचे नंतर, ही रीत आम्हांला पटते. जनावराच्या जागी आमच्याकडे सायकली होत्या, एवढाच फरक.

गेल्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील दहा-बारा जण गोव्यात तिसवाडीत सायकलने फिरून आलो. चोर्ला घाट सायकलीवरून उतरायची तरुणांची फार हौस होती. ती वडीलधाऱ्यांनी मोडून काढली आणि सायकली टेंपोत घातल्या. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला बेळगाव, खानापूरकडचे पुष्कळ लोक जातात. पण फेस्ताला गेलेला माणूस शवपेटीचे दर्शन घेतो, मेणबत्त्या लावतो, चणे-खाजे घेतो आणि परत येतो. मागची टेकडी आणि त्यामागचा रस्ता राहूनच जातो. तो रस्ता जुने गोवे, करमळी, आजोशी, मंडूर, नेवरा असे करत पिलारच्या टेकडीखाली गोवा वेल्हा येथे पोहोचतो. अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. वाहने कमी, चढ बेताचे, दोन्ही बाजूंना भातखाचरे आणि माड. पण या पंधरा किलोमीटरांच्या दोन टोकांना दोन मेलेल्या राजधान्या आहेत, हे आधी सांगितले पाहिजे.

नावांचा घोळ असा की पोर्तुगीज भाषेत ‘वेल्हा गोवा’ आणि ‘गोवा वेल्हा’ या दोन्हींचा अर्थ ‘जुने गोवे’च होतो. मांडवीकाठचे जुने गोवे, ज्याचे मूळ नाव एला, ही आदिलशाहीची दुसरी आणि १५३० पासून पोर्तुगीजांची राजधानी. झुआरीकाठचे गोवा वेल्हा, म्हणजे गोपकपट्टण, ही त्याआधीची कदंबांची. हे कदंब आपल्याला परके नाहीत. खानापूर तालुक्यातली हलशी ही त्यांचीच दुसरी राजधानी, आणि कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर कदंबांच्या राणी कमलादेवीने बांधविलेले. अकराव्या शतकात त्यांनी चांदोरहून गोपकपट्टणास राजधानी हलवली. पुढे बंदर गाळाने भरत गेले, उत्तरेकडच्या स्वाऱ्या झाल्या, आणि वस्ती मांडवीकडे सरकली. त्या नव्या शहराचेही पुढे तेच झाले. साथीच्या रोगांनी लोक पळू लागले, व्हाइसरॉयांनी १७५९ मध्ये मुक्काम पणजीला नेला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चेसविषयी येथे लिहीत नाही. ती सर्वांनी पाहिलेली आहेत. आम्ही पवित्र टेकडीवर गेलो. तेथे संत ऑगस्टिनच्या संघाचे, कृपामातेला वाहिलेले चर्च होते. १६०२ मध्ये ते पूर्ण झाले. मूळचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच. आज त्याचा अर्धाच भाग उभा आहे, तोही एखाद्या सुळक्यासारखा.

हे चर्च कोणा शत्रूने पाडले नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच गोव्यातील धर्मसंघ बरखास्त केले आणि मठ रिकामे झाले. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तोवर तो टिकतो, गिलावा गेला की पावसाळ्यागणिक झिजतो. कौले फेरायला, चुना लावायला माणूस उरला नाही. सात वर्षांत, १८४२ मध्ये, छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. मनोऱ्यातली एक घंटा आधीच आग्वादच्या दीपगृहाकडे गेली होती. ती १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चमध्ये आहे आणि आजही वाजते. जिथे माणसे होती तिथे घंटा टिकली. (आपल्याकडच्या जुन्या मिशन बंगल्यांची कौले दर पावसाळ्याआधी कोण पाहते, हे ज्याने त्याने आठवावे.)

याच अवशेषांत एका परदेशी राणीचे हाड सापडले. जॉर्जिया देशातील काखेतीची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिला छळ करून मारण्यात आले. तेथे असलेल्या ऑगस्टिनियन फादरांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि १६२७ मध्ये त्यांतला काही भाग गोव्यास आणला. ते मठाच्या सभागृहाशेजारच्या चॅपेलमध्ये खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. पण छत कोसळल्यावर खिडकी कोणती आणि चॅपेल कोणते, हेच कळेना. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षे माती उपसली आणि २००४ मध्ये हाताचे हाड हाती आले. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली. २०१३ मध्ये जाहीर झाले की हा वंशगट भारतात आढळत नाही, जॉर्जियात मात्र आढळतो. २०२१ मध्ये भारत सरकारने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. केतेवान ऑर्थोडॉक्स, तिला जपणारे कॅथलिक, आणि तिची ओळख पटवणारे आपल्या देशातले शास्त्रज्ञ. आमच्यात दोघे प्रॉटेस्टंट मंडळीचे होते. त्या चौथऱ्यापाशी चौघांनी प्रार्थना चालवली आणि कोणती उपासनापद्धती वापरायची हे कोणी विचारले नाही.

टेकडी उतरून करमळीचा रस्ता धरला. सायकलीला खरी मजा येथे येते. गर्दी एकाएकी मागे पडते आणि थोड्याच वेळात तळे दिसते. ते माणसांनी बांधलेले आहे. पावसाचे पाणी अडवायचे आणि त्यावर वायंगणी भात पिकवायचा, ही गावकरीची जुनी व्यवस्था. हिवाळ्यात त्यावर अडई, तलवार बदके, जांभळ्या पाणकोंबड्या यांची जत्रा असते. पलीकडून कोकण रेल्वे जाते. गाडी गेली की सगळा थवा उठतो आणि पुन्हा बसतो.

तळ्याच्या बांधावर टेकलो असताना एका तरुणाने प्रश्न केला. “काका, इथे आधी कोणाचं देऊळ होतं?”

उत्तर ठाऊक होते, ते सांगितले. करमळीत ब्रह्मदेवाचे देऊळ होते. सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून सत्तरीत नेली, कारण सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. मूर्तीबरोबर गावाचे नावही गेले. त्या जागेस आज ब्रह्मकरमळी म्हणतात आणि तेथे ब्रह्मदेवाची पूजा आजही चालते. पुढे १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, ते कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. १६८४ च्या हुकुमाने तर कोकणी बोलीच तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मावले.

“म्हणजे आपले वाडवडील जबरदस्तीनेच ख्रिस्ती झाले?”

असा प्रश्न कॉलेजात, कचेरीत आपल्या मुलांना विचारला जातो, आणि घरी आपण तो टाळतो. टाळू नये असे आमचे मत आहे. काहींवर सक्ती झाली, काहींनी जमिनी व हक्क राखण्यासाठी बाप्तिस्मा घेतला, काहींनी विश्वासाने घेतला. एकाच घरात तिन्ही प्रकार असतील. पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी त्या विश्वासाचे काय केले, हाही इतिहासच आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या भाषेत आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरना म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग आमचे मन रमेल असे दुसरे पुराण का देत नाही? म्हणजे तक्रार ग्रंथातच नोंदवलेली आहे. फादरांनी ती झाकली नाही, आणि तिला उत्तर म्हणून सबंध ग्रंथ रचला. त्या काळी छापलेली एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हाताने नकला करून, वाचून, गाऊन पुराण टिकवले. सक्तीने घेतलेल्या धर्माच्या ओव्या कोणी एवढ्या मेहनतीने उतरवून ठेवत नाही.

तरुणाचे समाधान पुरते झाले नाही. त्याने विचारले, मग देवळाचे काय? त्याचे वाईटच झाले, ते चूकच होते, असे आम्ही म्हणालो. यापलीकडे बोलण्यासारखे नव्हते. थोडा वेळ सगळे पक्षी पाहत बसलो.

आजोशी-मंडूरचा भाग खाजनाचा. खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवलेले, आणि बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. ही विद्या पोर्तुगीजांच्या पुष्कळ आधीची. राज्ये बदलली, धर्म बदलले, तरी बांध त्याच गावकरांच्या वंशजांनी राखले. बांध एका वर्षी फुटला तर खार शेतात शिरून पुढची काही वर्षे पीक बुडते, म्हणून तेथे भांडण परवडत नाही.

नेवऱ्यानंतर पिलारची चढण लागली. वर १६१३ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने स्थापलेला मठ आहे आणि फादर आग्नेल यांची समाधी; १९२७ मध्ये वारलेल्या या साध्या फादरांकडे सर्व धर्मांचे लोक येतात. खाली गोवेश्वराच्या तळ्याचे अवशेष, कदंबांच्या नगराची एक खूण डोळ्यांना दिसते. नगर संपले तरी गाव संपलेले नाही; उपासकाळात संतांच्या मूर्तींची प्रसिद्ध मिरवणूक याच गोवा वेल्ह्यात निघते.

टेकडीवरून झुआरी दिसते, पलीकडे साष्टी. रायतूर त्या बाजूला आहे आणि आमचे अजून राहिले आहे. पावसाळा सरल्यावर जाण्याचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मिस्सेनंतर नाव सांगावे आणि सायकलीचे ब्रेक आधी तपासून घ्यावेत; पिलारचा उतार चढणीपेक्षा कठीण आहे.