कोलंबियाचे दार कोणासाठी उघडते?

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश फक्त गुणवत्तेवर मिळतो, असे आपल्या पोरांना वारंवार ऐकवले जाते. मुंबई-दुबईच्या आंतरराष्ट्रीय शाळांतून मुले हार्वर्ड, कोलंबियाला जातात. झरी जामणीच्या आश्रमशाळेतून कुणी जात नाही, म्हणजे आपलीच पोरे कमी पडतात, असा निष्कर्षही काढला जातो. हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

1913 साली बाबासाहेब कोलंबियात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. बुद्धी आणि कष्ट त्यांचे होते, पण बोटीचे भाडे बुद्धीने भरता येत नाही. ते राज्याच्या तिजोरीतून आले. अस्पृश्य विद्यार्थ्याला ज्ञानाचे दार उघडले, कारण त्याच्यामागे सार्वजनिक पैसा उभा राहिला.

आता त्या दाराचा पुढचा इतिहास पाहा. बाबासाहेब पदव्युत्तर विभागात होते. त्याच कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयात त्या काळी न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू स्थलांतरितांची मुले परीक्षेत गुण मिळवून मोठ्या संख्येने येऊ लागली. 1919 पासून प्रवेश अर्ज बदलला. धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, हे विचारले जाऊ लागले. फोटो आला, मुलाखत आली, ‘चारित्र्य’ तपासणे आले. सुमारे 40 टक्के असलेले ज्यू विद्यार्थी दोनेक वर्षांत 22 टक्क्यांच्या आसपास आले. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी 1922 मध्ये ज्यूंसाठी उघड मर्यादा सुचवली. ती फेटाळली गेली, पण 1926 मध्ये तेच काम ‘चारित्र्या’च्या निकषाने साधले.

म्हणजे वंचितांनी गुण मिळवले की गुणवत्तेची व्याख्याच बदलते. हे आपल्याला नवीन नाही.

आज धर्माचा रकाना गेला, पण निबंध, शिफारसपत्रे आणि वर्गाबाहेरचे उपक्रम राहिले. आंतरराष्ट्रीय शाळेत या सगळ्यासाठी पगारी समुपदेशक असतो. तो मुलाची तयारी आठवी-नववीपासून करून घेतो. कापूस वेचायला आईसोबत जाणाऱ्या मुलीचे कष्ट ‘उपक्रम’ म्हणून कसे मांडायचे, हे तिला कोण सांगणार? शिफारसपत्र कसे लिहायचे, हे आपल्या शिक्षकांना कुणी शिकवले?

मग हे दार सोडून द्यायचे का? मुळीच नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट या संस्था परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. ही माहिती हीच आजची पुंजी आहे आणि तिच्यावर मोजक्या शाळांची मक्तेदारी आहे. ती मोडता येते. 2017 मध्ये यवतमाळातून राजू केंद्रे यांनी एकलव्य फाउंडेशन उभे केले. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना देशातल्या आणि पुढे परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन देणे हे तिचे काम.

पण संस्था सरकारची जागा घेऊ शकत नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. एकूण जागा 125, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. ती फक्त पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, बारावीनंतर पदवीला जाणाऱ्या मुलाला त्यात स्थानच नाही. 2022 मध्ये नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. 9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. या नियमाने त्या विषयालाच पैसा नाकारला असता! 2025 मध्ये तर 106 निवडलेल्यांपैकी सुरुवातीला फक्त 40 जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधीची वाट पाहायला सांगितले.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पदवी शिक्षणाचा शिष्यवृत्तीत समावेश करा. विषयबंदी हटवा. निवड झालेल्या प्रत्येकाला वेळेत पत्र द्या. प्रत्येक शासकीय वसतिगृहात आणि आश्रमशाळेत परदेशी प्रवेशाची माहिती देणारा प्रशिक्षित माणूस नेमा.

आणि तोवर, ज्याला एक अर्ज भरता आला त्याने दुसऱ्या दहा जणांना तो भरायला शिकवावा.

जय भीम!